खिळ्यावरचा बिल्ला

बाबांना फुंकरकाकांना एक गोष्ट सांगायची होती. अठ्ठावीस वर्षं ती त्यांच्या जिभेवर आली नाही, म्हणून शेवटी त्यांनी ती बांधायला घेतली.

हे मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसत होतं की माझ्या सासऱ्यांना मागच्या खोलीत कसला तरी नाद लागलाय. जुन्या दाराची फळी दोन स्टुलांवर आडवी टाकलेली आणि तिच्यावर त्यांचं वर्कशॉप उभं राहत होतं, बत्तीसपट लहान. बाबा आयुष्यभर छोट्या विमानांचे मेकॅनिक. शेतांवर औषध फवारणारी, शिकाऊ वैमानिकांना घेऊन घिरट्या घालणारी, अशी विमानं त्यांच्या हाताखालून गेली. ते वर्कशॉप पाडून तिथे कधीच गोदाम झालंय. माझा नवरा कामावर जाताना दारातून डोकावून म्हणायचा, “बाबा, छप्पर कधी घालणार? पाऊस आला तर विमान भिजेल.” बाबा मान वर न करता म्हणायचे, “तुझं डोकं भिजलं तरी काही बिघडणार नाही, तू निघ.”

मला त्यांनी आत बोलावलं ते एका पान्यासाठी. आमची ठकी नुकतीच झोपली होती. अकरा महिन्यांची आहे, दुपारी दीड तास झोपते, तेही एक गुडघा पोटाशी घेऊन, उठायचंच आहे अशा तयारीत. त्या दीड तासात मी माझी असते. मी पाय पसरून बसणार तेवढ्यात हाक आली.

“सूनबाई, तुझी नजर दे जरा.”

नजर नको होती, हात हवे होते. चिमट्यात चांदीच्या कागदाचा पाना धरून बाबा बसले होते आणि चिमटा थरथरत होता. पाना माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तो हत्यारांच्या छोट्या फळ्यावर चिकटवायचा होता आणि चौथ्यांदा खाली पडला होता. त्यांच्या उजव्या हाताला वर्षापूर्वी कंप सुटला, आता डाव्यालाही. गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी एवढंच झालं की चहा बशीत सांडतो, आधी मांडीवर सांडायचा.

ठकी व्हायच्या आधी मी दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होते. कवळ्या, दातांच्या टोप्या. मेणात दात कोरायचा, त्यावर रंग चढवायचा, समोरच्या दाताला एक बारीकशी चीर असेल तर तीही काढायची, म्हणजे हसताना खोटा वाटू नये. तीन केसांचा ब्रश मी डोळे मिटून धरू शकते. मी पाना उचलला, टोकाला गोंद लावला, चिकटवला. दहा सेकंदांचं काम.

बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अजून चाळीस आहेत.”

असं सुरू झालं. रोज दुपारी ठकी झोपली की मी पाऊल न वाजवता मागच्या खोलीत. बाबा सांगायचे, मी करायची. त्यांची आठवण आणि माझी बोटं. मी विचारलं, “बत्तीसपटच का?” तर म्हणाले, “तुझा धंदा आठवून घेतला असं समज. दात किती असतात?” पण खरं कारण असं की विमान डब्यातून आलं होतं, सुट्या भागांचं, आणि ते त्या मापाचं होतं. बाकी सगळं त्याच्या मापाने घरात केलेलं. ट्यूबलाइट म्हणजे पारदर्शक काडी. इंजिन उचलायची साखळी म्हणजे माझ्या तुटलेल्या पैंजणाचा तुकडा. तेलाचे ड्रम मी मेणात कोरून प्लास्टरमध्ये ओतले, दातांसारखेच. जमिनीवर तेलाचे डाग पडायचे तसे पडायला हवेत म्हणून बाबांनी मला दोन दिवस छळलं. “हा डाग नवा आहे. जुना कर. त्यावर माणसं चाललीत वीस वर्षं.” मी बोटाने पुसायची, वर राखाडी पूड टाकायची, पुन्हा पुसायची. जमलं की ते काही बोलत नसत, फक्त पुढचं सांगत. घुमे आहेतच. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे घुम्याच म्हणायचे.

मधेच छातीत भरून यायचं, दूध यायचं, आणि मला कळायचं की दोन मिनिटांत ठकी उठणार. ब्रश धुऊन मी उठायची. “घंटा झाली?” बाबा विचारायचे. “झाली,” मी म्हणायची. त्यांना वाटायचं, मला तिचं रडणं दोन भिंतींपलीकडून ऐकू येतं. सासऱ्यांना कसं सांगणार की कान नव्हे, दुसरंच काही ऐकतं!

आणि फुंकरकाका? ते बाबांचे वर्कशॉपमधले जोडीदार. कुठलाही भाग बसवायच्या आधी त्याच्यावर फुंकर मारायची त्यांना सवय, म्हणून ते नाव. माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन फिरलेले. वर्कशॉपमधून त्यांना काढून टाकलं होतं, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच ऐकलं होतं. एक विमान पडलं, त्यात चूक त्यांची निघाली. नंतर त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात जन्म काढला. दर गुरुवारी दुपारी ते आमच्याकडे येतात, बाबांशी पत्ते खेळतात, हरले की पत्त्यांवर फुंकर मारतात. या दोन महिन्यांत बाबांनी त्यांना मागच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. “पूर्ण झाल्यावर,” एवढंच. काका मला डोळा मारायचे. “काय गं, आत बॉम्ब बनवताय का सासरा-सून?”

मग एका गुरुवारी काका पत्ते पिसता पिसता म्हणाले, “लेक न्यायला येतेय. महिनाअखेरीला. आता तिच्याकडेच कायमचा. म्हणाली, तिथे एकटे पडून राहाल नि आम्हाला चार दिवसांनी कळेल. म्हटलं, तुझ्याकडे पडलो तर लगेच कळेल, एवढाच फायदा.”

बाबांच्या हातातले पत्ते खाली पडले. कंपामुळे पडतात तसेच, म्हणून काकांना काही वाटलं नाही. त्यांनी उचलून दिले आणि देताना बघूनही घेतले. “राणी आहे तुझ्याकडे, बदमाशा.”

दुसऱ्या दिवशीपासून बाबा घाई करायला लागले.

फळ्याबद्दल सांगायला हवं. वर्कशॉपच्या उजव्या भिंतीवर हत्यारांचा मोठा फळा होता. त्यावर बेचाळीस हत्यारं, आणि प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगात त्याचीच आकृती काढलेली, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की त्याची सावली दिसायची. प्रत्येक मेकॅनिकला पितळेचे पाच गोल बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. हत्यार घेतलं की त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवायचा. विमानातल्या माणसाचा जीव त्या बिल्ल्यांवर असतो, बाबा म्हणाले. कारण हत्यार आत राहिलं तर ते आपलं आपण बाहेर येत नाही.

फळ्यावरची एक्केचाळीस हत्यारं मी लावली. बेचाळिसाव्या जागी नुसती पांढरी सावली होती, लांब दांडा आणि टोकाला गोल.

“हा आरसा ना? दातांच्या दवाखान्यात असतो तसा,” मी म्हणाले.

“तसाच. मोठा.”

“मग बनवू?”

“नको. तो जागेवर नव्हता.” बाबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात पितळेच्या पत्र्याचे बारीक गोल होते, साबुदाण्याहून लहान. “तिथे बिल्ला अडकव. त्याच्यावर नंबर टाक. नऊ.”

“एवढ्याशा गोलावर?”

“दाताची चीर काढायचीस म्हणालीस ना.”

“बाकीच्यांवर कुठले नंबर टाकू?”

“बाकीचे कोरे राहिले तरी चालतील.”

मी ब्रश खाली ठेवला. इतका वेळ जो माणूस मला तेलाच्या एका डागासाठी रडवत होता, त्याला बाकीचे बिल्ले कोरे चालणार होते! भिंतीवरचं घड्याळ मी सात वाजायला वीस मिनिटांवर लावलं होतं, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे. विमानाच्या शेपटीवरचं झाकण उघडं, शिडी लावलेली. माणूस एकही नाही. माणसं करू का विचारलं तेव्हा म्हणाले होते, तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

“बाबा, नऊ नंबर कोणाचा?”

“माझा.”

मला वाटलं, आता हे घुमून बसणार. पण ते बोलले. माझ्याशी नाही, त्या शिडीशी बोलल्यासारखे.

“त्या दिवशी तुझ्या नवऱ्याने घाई केली. तीन आठवडे आधी निघाला. माझे बिल्ले पलीकडच्या टोकाला, माझ्या पेटीत होते. शेपटीच्या आत बघायला आरसा हवा होता. फुंकरचे दोन बिल्ले त्याच्या पेटीवर पडलेले. उचलला एक. सतरा नंबर. अडकवला, आरसा घेतला.”

“त्यांना विचारलं नाही?”

“शेजारच्या पानातलं मीठ घेताना विचारतं का कोणी? आम्ही सगळेच करायचो. नियमात बसत नव्हतं, पण करायचो.”

ते शिडीवर असताना ऑफिसातला कारकून ओरडत आला की दवाखान्यातून फोन आलाय, बायकोला आत घेतलंय, लवकर या. बाबांनी आरसा आतल्या एका पट्टीवर टेकवला आणि उतरले. पळत गेले. झाकण रात्री फुंकरकाकांनी लावलं. त्यांनीही दिवसभर त्याच शेपटीत हात घातलेले होते, सगळं नीट होतं. सकाळी हत्यारं मोजल्याशिवाय विमान सोडायचं नाही, पण फवारणीचा हंगाम होता, विमानं थांबत नव्हती, मोजणारा उशिरा आला. तो मोजत होता तेव्हा विमान शेतावर होतं. आरसा घसरून शेपटीचा पंख हलवणाऱ्या दोरीत अडकला. नाक वर येईना. वैमानिक चोवीस वर्षांचा.

“मी आठ दिवस रजेवर. हातात हे एवढं पोर. परत गेलो तोवर चौकशी होऊन गेलेली. खिळ्यावर सतरा, झाकणावर सही सतराची. त्याला काढलं होतं. मी म्हटलं, उद्या सांगतो. मग परवा.” त्यांचा हात फळीच्या कडेवर टकटक वाजत होता, थांबवता येत नव्हता. “आणि मग तोच माझ्याकडे आला. तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन बसला नि म्हणाला, घुम्या, माझ्या हातून माणूस मेला रे. मीच विसरलो. कसा विसरलो आठवतही नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी चहा ठेवला.”

मला त्यांचा राग आला. लिहिताना तो कमी करून लिहावा असं वाटतंय, पण आला. मूग गिळून किती वर्षं बसायचं माणसाने! मी म्हणाले, “मग तोंडाने सांगा ना. गुरुवारी येतात, सांगा. खेळण्यातल्या बिल्ल्यावर नऊ लिहून काय होणार?”

“बाराशे-चौदाशे गुरुवार झाले असतील,” बाबा म्हणाले. “प्रत्येक गुरुवारी सांगायचं ठरवलेलं असतं. तोंड उघडतो नि म्हणतो, पत्ते वाट.”

“यांना माहितीये?” यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला.

“त्याला काय सांगू? तुझ्या जन्माच्या आनंदात मी एक माणूस मारला म्हणून?”

पलीकडे ठकी झोपेत कुरकुरली. मी दोन्ही हात छातीवर दाबून धरले आणि ब्रश पुन्हा उचलला. श्वास रोखला आणि नऊ काढला. पहिला फुटला, दुसरा सहासारखा झाला, तिसरा जमला. भिंगातून बघितलं की स्वच्छ नऊ. बाबांनी भिंग घेतलं, पण त्यांच्या हातात ते नाचत होतं, त्यांना काही दिसलं नसणार. तरी म्हणाले, “बरोबर.”

नंतरचे आठ-दहा दिवस घरात काहीतरी हलकं होतं. बाबा सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. ठकीला फळीजवळ उभं करायचे, ती काठ धरून विमानाकडे बघत लाळ गाळायची, मग ते म्हणायचे, “बघ, हिला इंजिन कळतं, हिच्या बापाला नाही कळलं.” मी पंखाखाली टेकू लावले, खिडक्यांच्या काचांवर धूळ बसवली. मलाही वाटायला लागलं होतं की हे होईल. काका बघतील, भडकतील, बाबांच्या कानाखाली वाजवतील, निदान दार आपटून जातील. पण खरं काय ते त्यांच्या हातात पडेल. आपल्या हातून काही घडलं नव्हतं, हे मरायच्या आधी माणसाला कळणं केवढी मोठी गोष्ट आहे! मी मनातल्या मनात ते किती वेळा घडवून पाहिलं. प्रत्येक वेळी शेवटी काका रडायचे आणि मग हसायचे.

शेवटच्या गुरुवारी ते आले. खिशात ठकीसाठी खुळखुळा, पंपाच्या रबरी वायसरांचा, स्वतः केलेला. ठकी झोपलेली होती. बाबांनी पत्ते काढले नाहीत. “चल,” म्हणाले आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. मी त्यांच्या मागे गेले.

काका दारातच थांबले. चपला काढल्या, देवघरात शिरताना काढतात तशा. मग आत आले आणि फळीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

“अरे लेका,” ते म्हणाले. “अरे, हे काय केलंस?”

“सूनबाईने केलं.”

“तू नुसता मुकादम? तिथेही तेच करायचास.” मग त्यांना चुका सापडायला लागल्या आणि त्यांचा आवाज पोरासारखा झाला. “हा ड्रम इथे नव्हता. दाराशी होता, मी त्याच्यावर बसून डबा खायचो. ही नळी लाल होती. आणि सूनबाई, खिडकीची ती काच फुटलेली होती, पुठ्ठा लावलेला. घुम्यानेच फोडली होती, चेंडूने. सांगितलं नसेल.” ते वाकले, पंखावर हळूच फुंकर मारली. माझी धूळ उडाली. मला काही वाटलं नाही.

मग ते शेपटीपाशी आले. उघडं झाकण बघितलं. शिडी बघितली. घड्याळ बघितलं. मग न विचारता बाबांचं भिंग उचललं आणि फळ्याकडे वळले. त्यांचे हात अजून खणखणीत आहेत. भिंग हललं नाही.

बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात दोन्ही काखांत होते.

“सूनबाई,” काका म्हणाले, “हा नऊ आहे, की मलाच नऊ दिसतोय?”

“नऊच आहे, काका.”

“चुकलाय. इथे सतरा पाहिजे.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मग अठ्ठावीस वर्षांनी ते बोलले. “नऊच. आरसा मी घेतला होता, फुंकर. तुझा बिल्ला उचलला मी. दवाखान्यातून फोन आला नि आरसा आत ठेवून पळालो. तू नव्हतास. मी होतो.”

सांगून झालं. एवढंच होतं ते, दोन दमांत संपण्याएवढं. मी ज्याची वाट बघत होते त्यातलं काहीच झालं नाही. काकांनी भिंग खाली ठेवलं आणि ते हसले, आजारी माणसाशी हसतात तसे.

“झालं का तुझं सुरू! हा पहिल्यापासून असा, सूनबाई. दुसऱ्याचं ओझं दिसलं की याचा खांदा खाजतो. मी जाणार म्हणून आता ही भेट का? अरे, मला आठवतंय ते. डावा हात आत, आरसा पट्टीवर टेकवलेला, थंडगार पट्टी. अजून बोटांना लागते ती.”

“ते मी केलं,” बाबा म्हणाले. “ती पट्टी... ते माझं आहे.”

“पुरे.” काकांचा आवाज एकदम खाली आला. “पुरे, घुम्या.”

तेवढ्यात ठकी उठली. या वेळी मला आधी कळलंच नाही, थेट भोकाडच ऐकू आलं. मी वळले तर बाबा म्हणाले, “मी घेतो,” आणि निघून गेले. जायला निमित्त मिळालं म्हणून इतक्या घाईने गेले की दाराची चौकट खांद्याला लागली.

काका स्टुलावर बसले. “सूनबाई, दुरुस्त कर ते. मी आहे तोवर.”

“काका, ते खरं सांगतायत.”

काका खुळखुळा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्या पोराची आई होती. वैमानिकाची. मी तिच्या दारात गेलो, म्हटलं, मी तो माणूस. पाच वर्षं तिने दार उघडलं नाही. दर महिन्याला जायचो. सहाव्या वर्षी दार उघडलं नि म्हणाली, नळ गळतोय. तो केला. मग तिचा पंप, तिचं छप्पर, तिचं सगळं मीच करायचो. शेवटी दवाखान्यात तिच्याजवळ कोणी नव्हतं, मी होतो. माझा हात धरून म्हणाली, फेडलंस रे तू.” त्यांनी फळ्याकडे बोट केलं. “आता तिथे नऊ असेल, तर तिने कोणाचा हात धरला होता?”

बाहेर बाबा ठकीला काहीतरी पुटपुटत होते. तिचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं.

“तुम्हाला खरंच वाटतं की तुम्ही होतात?” मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं.

“विश्वास बसायला मला फार वर्षं लागली, बाळा,” काका म्हणाले. “तो काढून टाकायला तेवढी आता उरली नाहीत. ब्रश घे.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग नव्हता, दयाही नव्हती. एक माणूस आपल्या घराच्या दारात उभा असावा आणि कोणी म्हणावं हे घर तुमचं नाही, आणि त्याने नुसती कडी लावून घ्यावी, तसं काहीतरी होतं. मला बाबांना हाक मारायची होती. मारून काय सांगणार होते? मी टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवला आणि नऊ पुसला. मग एक, मग सात. पहिल्याच प्रयत्नात जमला.

काकांनी भिंगातून बघितलं, फुंकर मारून सुकवला आणि म्हणाले, “हे मी नेतो. नातवंडांना दाखवीन. आजोबांनी काय केलं ते त्यांना कळलेलं बरं.”

बाबा ठकीला कडेवर घेऊन दारात आले होते. किती ऐकलं माहीत नाही. त्यांनी फळीपाशी येऊन भिंग उचललं नाही. काकांनी ठकीच्या हातात खुळखुळा दिला, तिने तो लगेच तोंडात घातला, काका म्हणाले, “धुतलाय गं, दोनदा.” मग ते पत्ते न खेळता गेले.

तीन दिवसांनी त्यांची लेक गाडी घेऊन येणार होती. बाबांनी खोकं करायला घेतलं. फळीच्या मापाने कापलेली लाकडं, आत स्पंज, कोपऱ्यांना पट्ट्या. विमान हलू नये म्हणून चाकांपाशी त्यांनी मला मऊ कापडाच्या घड्या लावायला सांगितल्या. रात्री नवरा म्हणाला, “बाबा, एवढं बनवलंत नि देऊन टाकताय? घरात तरी ठेवायचं.” बाबा म्हणाले, “त्याचं आहे ते.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी झोपल्यावर आम्ही झाकण बसवायला घेतलं. बाबा स्क्रू धरायचे, मी फिरवायची. चौथा की पाचवा स्क्रू असेल, ते खाली बघूनच म्हणाले, “मी पोरीकडे गेलो तेव्हा तो तुला काही बोलला?”

पेचकस माझ्या हातात थांबला. त्या आईचा नळ, दवाखान्यातला तो हात, सगळं माझ्या तोंडात होतं. सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं की त्यांचं म्हणणं ऐकू गेलंय आणि परत केलंय. नाही सांगितलं तर ते मरेपर्यंत समजणार की त्यांचं कोणी खरंच मानलं नाही. यातलं कमी वाईट कुठलं ते मला आजही ठरवता आलेलं नाही, आणि तेव्हा तर ठकी कधीही उठली असती.

“नंबर दुरुस्त कर म्हणाले,” मी म्हणाले.

“एवढंच?”

“एवढंच.”

बाबांनी मान हलवली. पुढचा स्क्रू भोकावर धरला, तो थरथरून पडला, फळीखाली घरंगळत गेला. मी गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. “राहू दे,” ते वरून म्हणाले, “आहेत तेवढ्यांवर राहील ते.” पण मी शोधत राहिले, कारण वर यायचं नव्हतं.